रिपोर्टमध्ये 'जीन' आलंय, म्हणजे पोरांना पण होणार का?

कॅन्सर ओपीडीला लागूनच माझी समुपदेशनाची खोली आहे आणि हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की म्हटलं लिहूनच टाकू. पोटाच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'आयजीएच जीन रीअरेंजमेंट, क्लोनल' असं येतं, लोक रात्री गूगल करत बसतात आणि सकाळी माझ्यासमोर.

असेच एक काका (ओळख बदललीये). जठराचा माल्ट लिम्फोमा (जठराच्या अस्तरातल्या रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर), अगदी सुरुवातीचा, एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी आधी फक्त अँटिबायोटिक्स आणि ॲसिडच्या गोळ्या दिलेल्या, तरी काकांची झोप उडालेली. मी सुरुवातीला माहिती ओतत नाही, कारण रिपोर्टपेक्षा माणसाने मनात त्याचा लावलेला अर्थ जास्त छळतो आणि तो अर्थ त्याच्याच तोंडून बाहेर यावा लागतो. आला एकदाचा.

"मुलीचं जमतंय. आमच्या जीनमध्ये दोष आहे हे समोरच्यांना सांगावं लागेल ना?"

"तो तिच्यात गेलाय असं कोण म्हणालं?"

"जीन म्हटल्यावर जाणारच की."

माणूस मरणाला घाबरलाच नव्हता हो, आपण पोरीला काय देऊन बसलो याला घाबरला होता.

मग मी सांगितलं. अँटिबॉडी बनवणारी प्रत्येक बी पेशी (एक प्रकारची पांढरी पेशी) अस्थिमज्जेत तयार होताना १४ नंबरच्या क्रोमोसोमवरच्या आयजीएच जीनचे व्ही, डी, जे असे तुकडे कापून जोडते, पत्ते पिसल्यासारखे, म्हणून प्रत्येकीचा हात वेगळा. आईबापाचे जीन मोजके असून इतक्या तऱ्हेच्या अँटिबॉडी कशा होतात हे कोडं सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये यातूनच सोडवलं, १९८७ चं नोबेल मिळालं. या पेशी आतड्यात सगळ्यात जास्त, तिथे रोज काही ग्रॅम आयजीए नावाची अँटिबॉडी बनते. म्हणजे रीअरेंजमेंट हा आजार नाहीच, लॅब एवढंच बघते की खूप पेशींच्या हातात तेच पत्ते आहेत का, म्हणजे त्या एकाच पेशीपासून वाढल्यात का, त्यालाच 'क्लोनल' म्हणतात. आणि हे सगळं रक्तातल्या-आतड्यातल्या पेशींपुरतं, स्त्री-पुरुष बीजात शिरत नाही, म्हणून पोरांकडे जात नाही.

काका बराच वेळ गप्प. मग, "म्हणजे मॅडम, तुमच्या पोटात पण आहे हे?"

"आहे की. तुमच्या मुलीच्या, होणाऱ्या जावयाच्या पण."

"विहीणबाईंच्या पण?"

आणि हसले. असे क्षण वाट्याला येतात म्हणून हे काम सोडवत नाही, खरं सांगते. आकडे सांगून धीर देणं सोपं आहे, पण काकांचं ओझं आकड्यांचं नव्हतंच.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला असेल तर एकटा 'क्लोनल' शब्द धरून बसू नका, साध्या जठराच्या सुजेतही कधीकधी तो येतो, निदान बायोप्सी आणि बाकी तपासण्या मिळूनच होतं. घरात पसरलाच तर तो जंतू पसरतो, तेव्हा घरच्यांची टेस्ट करायची का हे डॉक्टरांना विचारा. अशा सुरुवातीच्या, जंतू असलेल्या केसमध्ये नुसता जंतू घालवून दहातले सात-आठ जण बरे होतात, पण वेळ लागतो, कधी वर्षभर किंवा जास्तच, त्यामुळे फॉलोअपची एंडोस्कोपी चुकवायची नाही. आणि बायोप्सी स्वच्छ आली तरी जीनची टेस्ट पुढे बरेच दिवस पॉझिटिव्ह राहू शकते, तेव्हा पुन्हा गूगल उघडण्याआधी ओपीडीत फोन करा.