मोर्चाची बातमी लिहायची आहे ना, मग आधी हे वाच

पहिलाच मोर्चा कव्हर करतोयस, म्हणून सांगतो. मार्च 2018 च्या किसान लाँग मार्चच्या बातम्या काढून बस. 6 मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईत आले. त्यात आदिवासी मोठ्या संख्येने होते. कसत आलेली वनजमीन नावावर व्हावी, ही त्यांची कळीची मागणी. हा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्यानेच दिलेला, दावे मात्र रखडलेले.

आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं? लाल टोप्या आणि सोललेले तळवे. त्या फोटोंनी मुंबईला पाझर फुटला, हे चांगलंच झालं. पण वनहक्काचा मुद्दा कितीतरी बातम्यांत कर्जमाफीच्या मागे झाकला गेला. दया आली की माणूस पाणी-बिस्किटं घेऊन धावतो. हक्क कळला तर वनहक्काचे दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत दावा का अडला, असं विचारतो. सत्तेला पहिलं परवडतं, दुसरं नाही.

दहावीची परीक्षा देणाऱ्या मुलांना त्रास नको म्हणून ते शेतकरी रात्रीच चालत पहाटे आझाद मैदानात पोचले. त्याचं कौतुक व्हायलाच हवं होतं. मात्र त्याच मापाने पुढचा, दिवसा निघालेला मोर्चा आपोआप बेशिस्त ठरतो, हे विसरू नकोस.

तेव्हा उद्या मैदानात पोचलास की आधी मागण्यांचं पत्रक माग. पहिली मागणी इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच घे, वाहतुकीचं खाली जाऊ दे. बातमी संपादित करणाऱ्या डेस्कने मागणी कापली तर फोन करून भांड.