खालच्या काकांची झोप

प्रश्न : माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे. खालच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून सकाळी येतात आणि चार वाजेपर्यंत झोपतात. हा बालवाडीतून आला की नेमका तेव्हाच घरात बॉल आपटतो. ओरडलं तर म्हणतो, ‘एवढासा तर आवाज होतो!’ सासूबाई त्याला खाली नेऊन ‘सॉरी’ म्हणायला लावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याचा विचार करायला त्याला कसं शिकवू?
– एक आई, भांडुप

उत्तर : तुमचा मुलगा उर्मट नाही आणि खोटंही बोलत नाही. त्याला वर खरंच एवढासा आवाज येतो. खाली तोच आवाज छतातून डोक्यात आदळतो, हे त्याला कळणार कुठून?

मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत रात्रपाळीला असले की दिवसा त्याच एका खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आम्ही भावंडं भांडणसुद्धा कुजबुजत करायचो. आम्ही काही फार गुणी नव्हतो, पण दमलेला माणूस डोळ्यांसमोर असायचा. तुमच्या मुलाला काका झोपलेले कधी दिसतच नाहीत, मध्ये स्लॅब आहे.

वयाचाही भाग आहे. 1983 साली विमर आणि पर्नर या संशोधकांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. आपल्याला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच, असं त्यांना वाटतं. चार-पाच वर्षांच्या आसपास हे सुटायला लागतं. तुमचा मुलगा त्याच उंबरठ्यावर आहे. घरी चकलीचा डबा हलवून ‘बाबा कुठे शोधतील?’ हा खेळ खेळा, मुलांना फार आवडतो.

पण खरं काम खालच्या घरात होईल. काकांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांना विचारून, मुलाला खाली घेऊन जा. काकांच्या पलंगावर त्याला आडवं होऊ द्या, डोळे मिटायला सांगा. वर बाबांना त्याचाच बॉल, तो आपटतो त्याच जागी, आपटू द्या. तुम्ही एक अक्षर बोलू नका. ‘बघ, किती त्रास होतो’ हे वाक्य तर अजिबात नको. बोलायचंच असेल तर त्याला बोलू दे.

त्यानंतरही तो बॉल आपटेल, सवय आहे. तेव्हा ‘बंद कर’ म्हणण्याऐवजी ‘आत्ता काका काय करत असतील?’ एवढंच विचारा आणि उत्तराची वाट पाहा. सासूबाईंना माझ्यातर्फे सांगा, त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण दाराशी उभं करून वदवलेल्या सॉरीत मुलाला फक्त स्वतःची लाज कळते, काकांची झोप नाही.

आणि चारनंतर त्याला बॉल घेऊन खाली कंपाउंडमध्ये रोज न्या. या वयात त्याला तो आपटायला मिळालाच पाहिजे.