रश या कॅनडाच्या रॉक बँडचा 'प्रेस्टो' (१९८९) गिटारकडे परत आलेला अल्बम म्हणतात, पण मला तर तो पातळ वाटला. असं का? आणि यानंतर काय ऐकू?

तुमच्या कानात काही बिघाड नाहीये, पहिल्यांदा ऐकणाऱ्या बऱ्याच जणांना असंच वाटतं. गिटारचा अल्बम म्हणून ऐकायला बसावं आणि कानावर येतो हा असा स्वच्छ, कोरडा, जरा वाळवून ठेवल्यासारखा आवाज. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण 'परत आले' हे म्हणणं खोटं नाही, फक्त गिटार परत आली ती गाणी बांधण्यात, आवाजात यायला तिला अजून चार वर्षं लागली. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

थोडं मागे जाऊ. १९८२ च्या 'सिग्नल्स'पासून गायक आणि बासवाला गेडी ली कीबोर्डात बुडत चालला होता, त्यातच टेरी ब्राउन, म्हणजे '२११२' आणि 'मूव्हिंग पिक्चर्स'चा प्रोड्यूसर, तोही बाजूला झाला. 'पॉवर विंडोज' (१९८५) आणि 'होल्ड युअर फायर' (१९८७) येईपर्यंत सिंथ, सीक्वेन्सर (ठरवलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र), स्ट्रिंग्ज, कॉयर एवढं सगळं भरलं की अ‍ॅलेक्स लाइफसन या गिटारवाल्याची अवस्था घरच्या लग्नात घरच्याच माणसाला बसायला खुर्ची मिळू नये तशी झाली. त्याने त्यातून वाट काढली ती कमालच आहे, कीबोर्डच्या फटीफटीतून वरच्या पट्टीत चमकणारे, कोरस इफेक्ट लावलेले तुटक कॉर्ड, मला ते आवडतात सुद्धा, पण जाड, डिस्टॉर्शनवाला (मुद्दाम खरखरीत केलेला) रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, वाजवायला जागाच उरली नव्हती. आणि स्टेजवर तिघंच, चौथा माणूस घ्यायचा नाही हा हट्ट, त्यामुळे गेडी गातोय, बास वाजवतोय, हाताने कीबोर्ड आणि पायाने पेडल दाबून अजून काहीतरी सुरू करतोय. बघायला भारी, पण बँड चालवायची ही काही रीत नव्हे!

मग १९८९ मध्ये बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या. जुनी रेकॉर्ड कंपनी सोडून अमेरिकेत ते अटलांटिककडे गेले. आधीचे दोन अल्बम इंग्लंड, माँटसेराट असे फिरत फिरत रेकॉर्ड झाले होते, ते सोडून क्वेबेकमधल्या मोरिन हाइट्सच्या ल स्टुडिओत परत आले, म्हणजे जिथे 'मूव्हिंग पिक्चर्स' झाला होता तिथे, काही काम टोरांटोला. आणि गाणी करताना गेडी आणि अ‍ॅलेक्स बास आणि गिटार घेऊन समोरासमोर बसले, कीबोर्ड नंतर, लागला तर. हा सगळ्यात मोठा बदल. लोक 'परत आले' म्हणतात ते यामुळे.

आता गंमत बघा. कीबोर्ड कमी करायचा आहे तर प्रोड्यूसर कोण घेतला, तर रूपर्ट हाइन, जो स्वतः कीबोर्डवाला, द फिक्स आणि हॉवर्ड जोन्स असल्या चकचकीत ब्रिटिश पॉपवर काम केलेला! माणूस उत्तम होता, गाण्याची चाल आणि गेडीचा आवाज यावर त्याने खरंच मेहनत घेतली. गेडी इथे किंचाळत नाही, खालच्या पट्टीत नीट गातो, आणि आधी जिथे सिंथची चादर अंथरलेली असायची तिथे आता एकावर एक रचलेले बॅकिंग व्होकल्स येतात. हेडफोन लावून ऐका, गाण्याच्या ध्रुवपदात हे स्पष्ट कळतं. पण गिटारला अंग देणं हा काही हाइनचा प्रांत नव्हता. त्यात गेडीचा तेव्हाचा वॉल कंपनीचा बास, त्याचा आवाज टणटणीत, बोटन् बोट ऐकू येतं पण खालून धक्का देत नाही. पातळ गिटार, टणटणीत बास, ड्रमही आखडते घेतलेले, मग पोटात जाणवणार काय? तुम्हाला जो पातळपणा वाटतोय तो हा.

आता एक करा, 'शो डोन्ट टेल' परत लावा आणि आवाज कसा आहे ते विसरून फक्त कोण काय वाजवतंय ते ऐका. सुरुवातीचा तो आडवळणी रिफ गिटार, बास, ड्रम तिघं एकत्र मारतात, किती वर्षांत रशने असं गाणं उघडलं नव्हतं, आणि मध्येच गेडी चक्क छोटा बास सोलो घेतो. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या रॉक गाण्यांच्या यादीत हे पहिल्या नंबरवर गेलं होतं. हेच गाणं दोन वर्षं आधी केलं असतं तर त्या रिफच्या जागी सीक्वेन्सर असता, पैज लावून सांगतो.

मग 'द पास'. हे अल्बमचं हृदय, किंबहुना रशच्या सगळ्या गाण्यांत माझ्या पहिल्या पाचात. विषय किशोरवयीन मुलांच्या आत्महत्येचा, आणि ड्रमर व गीतकार नील पीअर्टने ना रडारड केलीय ना आत्महत्येला हिरोगिरीचा मुलामा दिलाय, उलट त्यात काही शौर्य नाही हे तो समजावणीच्या सुरात पण ठाम सांगतो. सुरुवात फक्त बासवर वाजवलेल्या कॉर्डनी होते, मग हळूहळू गिटार येते आणि पसरते, आणि सोलोत अ‍ॅलेक्स नोटांचा पाऊस न पाडता एकेक सूर ताणत नेतो. इथे तो पातळ आवाज खटकत नाही, उलट शोभतो. बँडचंही हे लाडकं गाणं, पुढे कितीतरी टूरवर वाजवलं.

'स्कार्स' ड्रमसाठी ऐका. पीअर्ट १९८८ मध्ये कॅमेरूनमध्ये सायकलवर फिरून आला होता, आणि या गाण्यातला ठेका आफ्रिकेतल्या तालांवरून बांधलेला आहे, इलेक्ट्रॉनिक पॅड आणि ड्रम हाता-पायांत वाटून घेतलेत. बाकी 'सुपरकंडक्टर' मला ठीकठाक, 'अ‍ॅनाग्रॅम' म्हणजे शब्दांचा खेळ, एकदा ऐकून सोडून दिलं तरी चालेल. शीर्षकगीत मात्र सोडू नका, त्यातली अकूस्टिक गिटार छान आहे. ते त्यांनी स्टेजवर पहिल्यांदा वाजवलं २०१० मध्ये, म्हणजे बघा! १९९० च्या टूरवर स्टेजवर हवा भरलेले अवाढव्य ससे उभे केले (कव्हरवर ससे आहेत म्हणून) आणि ज्याचं नाव अल्बमला दिलं तेच गाणं वाजवलं नाही. रशवाल्यांचं डोकं असं चालतं.

पुढे काय ऐकायचं, तर 'रोल द बोन्स' (१९९१), परत हाइनच, आवाज तसाच पातळ पण गाणी मोकळी, आणि शीर्षकगीतात मध्येच रॅप येतो तेव्हा दचकू नका, त्यावर फॅन लोक आजही भांडतात. गिटारची खरी भूक असेल तर मात्र सरळ 'काउंटरपार्ट्स' (१९९३) लावा. पीटर कॉलिन्स, ज्याने ते दोन कीबोर्डवाले अल्बम केले होते, तोच प्रोड्यूसर परत आला, पण सोबत इंजिनिअर म्हणून केविन शर्ली, टोपणनाव 'केव्हमॅन' (गुहेतला माणूस), म्हणजे काय ते समजा. गेडी फेंडर जॅझ बासवर परतला, 'स्टिक इट आउट'मध्ये अ‍ॅलेक्सने खालची तार अजून खाली उतरवून तो रिफ मारलाय, आणि जे 'प्रेस्टो'त कागदावर होतं ते इथे स्पीकरमधून अंगावर येतं. अमेरिकेत तो दुसऱ्या नंबरवर गेला, पहिल्यावर तेव्हा पर्ल जॅम बसले होते.

त्यानंतर 'व्हेपर ट्रेल्स' (२००२), त्यात कीबोर्ड शून्य. फक्त तो मूळ मिक्समध्ये ऐकू नका, इतका ठोकून लाउड केलाय की डोकं दुखतं, २०१३ चा रीमिक्स शोधा.