म्हाताऱ्या मनीच्या किडन्या आणि घरचं सलाईन

ताई, तुमच्या लिहिण्यातून समजलं ते असं. तुमची मांजर मनी 14 वर्षांची आहे, दोन महिन्यांत खंगली, पाणी फार पिते, सकाळी फेसाळ ओकते. तालुक्याच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) 4.2 आलं. ढोरांचे डॉक्टर ‘वय झालं’ म्हणाले, सासूबाई हळद-दूध पाजा म्हणतात, आणि नागपूरला न्यावं की इंजेक्शन देऊन तिला सोडवावं हे ठरत नाही.

यातलं काहीच या आठवड्यात ठरवू नका. आधी तिचं पाणी भरून काढा, मळमळ थांबवा, पोटात अन्न जाऊ द्या, आणि दहा-बारा दिवसांनी रक्त पुन्हा तपासा. कोरड्या पडलेल्या मांजरीच्या रिपोर्टवरून तिच्या किडनीचा खरा अंदाज येत नाही. म्हाताऱ्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे पाणी नुसतं वाहून जातं. मनी कितीही प्यायली तरी ते भरून निघत नाही, अंग सुकतं, किडनीला रक्त कमी पोचतं आणि क्रिएटिनिन आणखी चढतं. त्यात हे विदर्भातले मे महिन्याचे दिवस. त्या 4.2 मधला काही भाग किडनीचा, काही नुसत्या कोरडेपणाचा.

रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा माणसांची असते, ती पाहू नका. मांजरात क्रिएटिनिन 1.6 च्या आत म्हणजे किडनीच्या आजाराची पहिली पायरी, 1.6 ते 2.8 दुसरी, 2.9 ते 5.0 तिसरी, त्यावर चौथी. तिसऱ्या पायरीवरची मांजरं नीट सांभाळली तर कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही बऱ्यापैकी जगतात. किडनी बरी मात्र होत नाही, हे घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा.

पुढच्या वेळी रक्त काढताना क्रिएटिनिनसोबत युरिया, फॉस्फरस, पोटॅशियम आणि साखर मागा. माणसांच्या लॅबचं मशीन या तपासण्या करू शकतं, फक्त रक्त पशुवैद्यानेच काढायला हवं. पेशींच्या मोजणीवर मात्र भरवसा ठेवू नका, माणसांसाठी लावलेलं मशीन मांजरीच्या पेशी नीट मोजत नाही. साखर थोडी जास्त आली तर लगेच मधुमेह समजू नका, नुसत्या भीतीनेही मांजरीची साखर चढते. जमलं तर टी-फोर ही थायरॉइडची तपासणी करा. म्हातारं मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल तर थायरॉइड वाढलेला असू शकतो. लघवीचा नमुनाही हवा. रेतीचं घमेलं धुऊन कोरडं करून रिकामंच ठेवा, त्यात केलेली लघवी सिरिंजने ओढून दोन-तीन तासांत पोचवा. लघवीची घनता 1.035 च्या खाली आणि क्रिएटिनिन जास्त, असं दोन्ही जुळलं की किडनीचं निदान पक्कं धरता येतं.

आता सलाईन. खरा फरक इथेच पडतो, आणि घरी करण्यासारखं हेच काम आहे. पहिली वेळ ढोरांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. कातडीखाली सलाईन देणं त्यांना नवीन नाही, फक्त मांजरीचं माप लहान. त्यांना आधी छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयाचा आवाज ऐकायला सांगा. हृदयाचा आजार असेल तर हेच पाणी फुप्फुसात साचून जीव घेतं.

बाटली ‘रिंगर लॅक्टेट’ची, 500 मिलीची घ्या. ग्लुकोजची किंवा डीएनएसची (ग्लुकोज मिसळलेल्या सलाईनची) बाटली कातडीखाली कधीच चालत नाही, त्याने तिथे पू होऊ शकतो आणि अंगातले क्षार उलटे त्या फुगवट्याकडे ओढले जातात. दुकानदार ‘सगळं सलाईन एकच’ म्हणाला तरी लेबल वाचा. सोबत सलाईनचा सेट आणि 20 नंबरच्या सुया, बुडाशी पिवळ्या असतात त्या. लोकांना बारीक सुई दयेची वाटते, पण 23 नंबरच्या सुईतून 60 मिली जायला इतका वेळ लागतो की मांजर कंटाळून निसटतं. जाड सुईचं टोचणं क्षणाचं असतं.

तीन किलोच्या मांजरीला एका वेळी साधारण 60 ते 75 मिली, रोज किंवा दिवसाआड. नेमकं किती आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. हिवाळ्यात बाटली कोमट पाण्याच्या गंजात ठेवून मनगटावर तापमान बघायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात उलटं होतं. टिनाच्या घरात मे महिन्यात बाटली हाताला चटका देईल इतकी तापते, तेव्हा ती माठातल्या पाण्यात बुडवून अंगाएवढी गार करा.

बाटली खिळ्याला तीन-चार फूट उंच टांगा. सेटमधली हवा जाईपर्यंत थोडं पाणी सोडून द्या, सेटच्या वरच्या कुपीला हवेचं झाकण असेल तर ते उघडा, नाहीतर धार मध्येच थांबते. मनीला खाटेवर टॉवेलमध्ये बसवा, तोंड तुमच्यापासून पलीकडे. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचला म्हणजे तंबूसारखी पोकळी होते. सुई पाठीच्या कण्याला समांतर, तिरप्या टोकाचं तोंड वर ठेवून त्या पोकळीत सारा. मग नळी सोडा. केस ओले व्हायला लागले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, काढून नव्या सुईने पुन्हा घाला. नळीत रक्त दिसलं तरी तसंच करा. बाटलीवरच्या खुणा पाहून ठरलेलं पाणी गेलं की चिमटा लावा, सुई काढा आणि ती जागा मिनिटभर दाबून धरा.

पाठीवर लिंबाएवढा फुगवटा येतो, तो सरकून पुढच्या पायापर्यंत लोंबतो. घाबरू नका, काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर नवीन पाणी देऊ नका, डॉक्टरांना सांगा. सुई दर वेळी नवी. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यानंतर किंवा गढूळ दिसली की फेकून द्या. आणि रोज मनी गाढ झोपलेली असताना छातीचं वर-खाली होणं मिनिटभर मोजा. श्वास 30 च्या वर गेले की सलाईन बंद आणि तडक फोन.

हे चालू असताना बाहेरचं पाणीही वाढवा. घरात तीन-चार ठिकाणी पसरट मातीचे परळ ठेवा, जेवणापासून दूर. खाण्यात दोन चमचे कोमट पाणी कालवा. पाणी जास्त पिते म्हणून भांडं उचलून ठेवणारी घरं आहेत. ते अजिबात करू नका.

खाण्याबाबत नियम एकच: काही न खाण्यापेक्षा काहीही खाल्लेलं बरं. दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजरीच्या यकृतात चरबी साठते, आणि मग किडनीआधी तेच तिला नेतं. म्हणून 24 तास काही खाल्लं नाही की डॉक्टरांना कळवायचं. वाटीपाशी येते, हुंगते, ओठ चाटते आणि तोंड फिरवते, ही मळमळ समजा. अशा वेळी भरवण्याची जबरदस्ती केली तर ती त्या अन्नाचाच कायमचा तिरस्कार धरते. आधी ओकारीचं औषध (मॅरोपिटंट किंवा ऑनडानसेट्रॉन), मग अन्न. भूक वाढवायला मिर्टाझापिन देतात. माणसांच्या दुकानातल्या 7.5 मिलिग्रॅम गोळीचा चौथा भाग, किडनीच्या मांजरीला दिवसाआड, तोही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. जास्त झालं तर मांजर रात्रभर ओरडत येरझारा घालतं.

तीन किलोच्या मनीला दिवसाला साधारण 150 किलोकॅलरी लागतात, म्हणजे उकडलेलं बिनहाडाचं चिकन जवळपास 100 ग्रॅम. उकडलेलं पाणी फेकून द्या, त्यात फॉस्फरस उतरतो, आणि किडनीच्या मांजरीला फॉस्फरस बाधतो. वास यावा म्हणून चमचाभर पाणी घातलं तर चालेल. अंड्याचं पांढरं चांगलं, पिवळं कमी. सुकट, बोंबील, कलेजी, काट्यासकट बारीक मासे आता बंद. मीठ, कांदा, लसूण घरातल्या भाजीतूनही नको. कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात. नुसतं चिकन-भात महिनोन्‌महिने पुरत नाही, त्यात कॅल्शियम आणि टॉरिन (मांजरीच्या हृदयाला, डोळ्यांना लागणारं पोषकद्रव्य) कमी पडतं. किडनीसाठीचं तयार खाद्य (रॉयल कॅनिन रीनल, हिल्स के/डी) मागवता आलं तर आणा, पण मळमळ थांबल्यावरच, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू मिसळून.

हळद-दुधाबद्दल सासूबाईंना न दुखावता एवढंच सांगा: दुधात फॉस्फरस असतो आणि मोठ्या मांजरीला ते पचत नाही. जुलाब झाले की आदल्या दिवशी दिलेलं सलाईन वाया.

वजन किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा. टोपलं ठेवून काटा शून्य करा, मग मनीला त्यात बसवा. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर. तीन किलोच्या मांजरीचे 100 ग्रॅम म्हणजे थोडं नव्हे, आणि डोळ्यांना ते केसांखाली दिसत नाही.

आता घरातल्या आणि गोठ्यातल्या औषधांकडे वळू, कारण किडनीच्या आधी यांनीच बरीच मांजरं जातात. पॅरासिटामॉलचा तुकडाही नको. मांजरीच्या यकृताला ते मोडता येत नाही, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात आणि मांजर जातं. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन तसंच. ढोरांच्या गोचिडावर फवारायचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ पिसवांसाठी मनीवर लावू नका, आणि गोठा फवारला त्या दिवशी तिला घरात कोंडा. काळ्या फिनाईलने पुसलेली ओली फरशी ती चालते आणि पंजे चाटते, म्हणून तिच्या खोलीत साध्या पाण्याने पुसा. कपाशीवर फवारणी चालू असेल तर वावराकडे जाऊ देऊ नका.

डॉक्टरांनाही दोन गोष्टी नम्रपणे विचारा. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स किडनीला घातक आहेत, दुसरं काही चालेल का? आणि एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक द्यायचं असेल तर मात्रा किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर नको, त्याहून जास्त झालं तर मांजर आंधळं होऊ शकतं. ढोरांच्या 10 टक्क्यांच्या बाटलीत एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. तीन किलोला 0.15 मिली, म्हणजे सिरिंजमध्ये थेंबभरच. रोज बैलांना टोचणाऱ्या हाताकडून इथे घोटाळा होणं साहजिक आहे.

मान खाली झुकून उचलत नाही, हे पोटॅशियम घसरल्याचं लक्षण. बाहुल्या एकदम मोठ्या आणि भिंतीला धडकते, हे रक्तदाब चढल्याचं. त्यावर अम्लोडिपिनच्या 2.5 मिलिग्रॅम गोळीचा चौथा भाग देतात, पण डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवं, उशिराने नजर परत येत नाही. तोंड उघडून धापा टाकते आणि ताप 104 फॅरनहाइटच्या वर, तर तो उन्हाचा फटका. पंजे आणि पोट साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा, बर्फ नको. लाईन गेली की कुलरचा भरवसा नाही, म्हणून खालच्या, मातीच्या खोलीत ओला बारदाना टांगून ठेवा. तीन दिवस शी नाही तर डॉक्टरांना लॅक्टुलोज (शी मऊ करणारं औषध) विचारा. एरंडेल पाजू नका, आणि फॉस्फेटचा एनिमा तर मांजरीला प्राणघातक ठरतो.

नागपूरला न्यायचं कधी? पंधरवडा सलाईन देऊनही क्रिएटिनिन उतरलं नाही, किंवा रक्तदाब आणि सोनोग्राफी हवी असेल तेव्हा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. वऱ्हाडातून अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते. पहाटेची बस पकडा, टोपल्यावर ओलं फडकं टाका, सगळे जुने रिपोर्ट सोबत घ्या. केवळ ‘मोठ्या ठिकाणी दाखवलं’ या समाधानासाठी उन्हात शंभर-दीडशे किलोमीटर नेणं मात्र तिच्यावर अन्याय आहे.

इंजेक्शनचा निर्णय मनात ठेवून रोज छळून घेऊ नका. कालनिर्णयच्या चौकोनात रोज एक खूण करा: स्वतःहून खाल्लं का, रेतीपर्यंत चालत गेली का, अंग चाटलं का, हाक मारल्यावर कान हलवला का. चारपैकी तीन ‘नाही’ असे दिवस एका आठवड्यात चार-पाच झाले आणि औषधाने फरक पडला नाही, तर वेळ आली. मांजर दुखलं तरी क्वचितच ओरडतं. कुबड काढून बसणं, डोळे अर्धे मिटणं, केस गुंतलेले राहणं हीच तिची तक्रार.

तेव्हा डॉक्टरांना घरी बोलवा आणि आधीच स्पष्ट विचारा: पहिल्यांदा भुलीचं इंजेक्शन देणार ना? ती पूर्ण बेशुद्ध झाल्यावरच थायोपेंटोनसारख्या औषधाची जास्त मात्रा शिरेतून द्यायची असते. शुद्धीत असताना थेट मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) किंवा हृदयात सुई, याला स्वच्छ नकार द्या. घरच्या घरी विष तर कुठल्याच परिस्थितीत नाही.

पुरताना विहिरीपासून लांब, किमान चार फूट खोल. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि उथळ खड्डा कुत्री उकरतात. औषध दिलेलं शरीर त्यांनी खाल्लं तर त्यांनाही बाधतं. म्हणून वर दगड रचा आणि बाभळीचे काटे टाका.