‘क्लबात बार असतो, मग नवऱ्याला गोल्फला जाऊ देऊ का?’

“दारू सोडून सव्वातीन महिने झालेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्रिकेट सुटलं ते सुटलंच. आता टीममधला जुना सीनियर गोल्फला चल म्हणतोय. पण क्लबात बार असतो, पैशांच्या पैजा लागतात. जाऊ देऊ का?”

समुपदेशकापुढे हा प्रश्न बरेचदा येतो. कधी बायको विचारते, कधी आई, कधी कोच. खालचं प्रकरण अशा तीन-चार जणांच्या अनुभवांतून जुळवलेलं आहे, ओळखीच्या खुणा काढून.

माणूस छत्तिशीचा. पंधरा वर्षं क्लब क्रिकेटमध्ये उजव्या हाताने जलदगती गोलंदाजी केलेला. मॅच संपली की बिअर, ही सवय आधीपासूनची. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं तेव्हा तिच्यात ट्रामाडोलची भर पडली. ही साधी अंगदुखीची गोळी नव्हे. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येते. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर दिवस कसाबसा निघायचा. खरी पंचाईत पाचनंतर. त्या वेळेला नेटमध्ये असायची सवय झालेलं शरीर, आणि समोर टीव्ही. जुन्या टीमच्या कट्ट्यावर जावं तर तिथे बाटली.

तर ताई, जाऊ द्या. पण गोल्फ हा उपचार आहे असं समजून पाठवू नका. अमेरिकन फुटबॉलमधला लॉरेन्स टेलर १९८६ मध्ये उपचार अर्धवट टाकून गोल्फच्या भरवशावर राहिला. १९८८ मध्ये तो पुन्हा अमली पदार्थांच्या चाचणीत सापडला आणि ३० दिवस निलंबित झाला. याउलट ख्रिस कर्क हा तर पेशाने गोल्फपटू. दारू आणि नैराश्यामुळे मे २०१९ मध्ये त्याने खेळणं थांबवलं, आधी स्वतःकडे पाहिलं, नोव्हेंबरमध्ये परतला आणि २०२३ ची होंडा क्लासिक जिंकला. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं आणि आठवड्याची एएची (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा आधारगट) मीटिंग आपल्या जागी राहतात, गोल्फ त्यांच्या उरलेल्या वेळात. मीटिंग बुडवून टी-टाइम (फेरी सुरू करायची राखीव वेळ) घेतला, तर ती पहिली धोक्याची घंटा. नुकतीच दारू तोडलेल्या माणसाचे हात थरथरत असतील, झोप नसेल, तर त्याला उन्हात मैदानावर न्यायचंच नाही. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीचे.

आता हाच खेळ का? अठरा होल, म्हणजे एक पूर्ण फेरी, चालत खेळायला चार-साडेचार तास लागतात, आठ-दहा किलोमीटर चाल होते. नियमांत एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नयेत असं सुचवलंय. नवख्याचे तर शंभराच्या पुढे जातात, पण नव्वद फटके धरले तरी प्रत्यक्ष खेळ होतो एक तास. बाकी सगळं चालणं आणि थांबणं. गोलंदाजाला हे सुरुवातीला असह्य होतं, कारण चेंडू स्थिर, अंगावर येणारं कुणी नाही, चुकलं तर दोष द्यायला अंपायरही नाही. त्या रिकाम्या पावलांतच तलफ डोकं वर काढते. ती साधारण वीस-तीस मिनिटांत ओसरते, आणि तेवढ्यात दोन होल होऊन जातात. चालताना श्वास मोजायचे: चार पावलं आत, सहा पावलं बाहेर.

पाण्यात चेंडू गेला की एक दंडाचा फटका घ्यायचा, चेंडू ड्रॉप करायचा आणि पुढे खेळायचं. सावरणाऱ्या माणसाचं नेमकं इथेच अडतं. एक घोट पोटात गेला की ‘आता गेलंच सगळं’ म्हणून बाटली संपवायची, हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं असतं. स्कोअरकार्डावर मात्र त्या होलला आठ फटके लिहावे लागतात आणि पुढचा होल शून्यापासून सुरू होतो. शिवाय स्पर्धेत मार्कर, म्हणजे आपले फटके नोंदवणारा सोबती, आपले आकडे लिहितो, दोघांच्या सह्या होतात, आणि कमी आकड्यावर सही केली तर खेळाडू बाद. पिण्याचा हिशोब वर्षानुवर्षं कमी सांगितलेल्या माणसाला ती सही फार जड जाते. सरावाच्या फेरीतही हीच शिस्त ठेवावी.

सुरुवात कोर्सवर (गोल्फच्या मैदानावर) नको, रेंजवर, म्हणजे नुसते चेंडू मारायच्या सरावाच्या जागी. सात नंबरची आयर्न, पिचिंग वेज आणि पटर, या तीन काठ्या. एवढंच भाड्याने घ्यावं, चौदा काठ्यांची बॅग विकत घ्यायची घाई नको. एका वेळी ४० ते ५० चेंडू, आठवड्यातून तीनदा. या प्रकरणात चुकलं ते इथेच. तिसऱ्या आठवड्यात त्याने रोज तीनशे चेंडू मारायला सुरुवात केली. तळव्यांना फोड आले, कंबर धरली, कोपराची आतली बाजू ठणकायला लागली, आणि रेंजवरच्या कुणीतरी प्रेमाने गोळ्यांची स्ट्रिप पुढे केली. दारू सोडलेला खेळाडू अती सोडत नाही, त्या अतीची जागा फक्त बदलतो. तेव्हापासून चेंडूंच्या बादलीचे पैसे बायको मोजून देते आणि दुखलं तर गोळी फक्त त्याच डॉक्टरांची, ज्यांना ट्रामाडोलचा इतिहास माहीत आहे.

गुडघ्याबद्दलही सांगायला हवं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा गुडघा स्विंगच्या शेवटी पिळला जातो, आणि ऑपरेशन त्याच गुडघ्याचं. डाव्या पावलाचा चवडा थोडा बाहेर वळवून उभं राहिलं की पीळ कमी होतो. फिजिओने हिरवा कंदील देईपर्यंत फक्त पटिंग (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलणं) आणि छोटे चिप (जवळचे हलके फटके).

पैजेला सरळ नाही म्हणायचं. दर होलला शंभर रुपये ही गंमत वाटते, पण एक व्यसन सुटताना दुसरं पकडायला मन टपलेलंच असतं.

राहिला बार. गोल्फवाले त्याला विनोदाने एकोणिसावं होल म्हणतात, आणि आपल्या दृष्टीने कोर्सवरचं सगळ्यात अवघड होल तेच. संध्याकाळची फेरी घेऊ नये. पहाटे सहाला सुरुवात केली की साडेदहाला सुटका होते, तेव्हा मंडळींना नाश्त्याची भूक असते. बॅगेत स्वतःचं लिंबू सरबत ठेवावं. कुणी ग्लास पुढे केला तर “नको, मी पीत नाही,” एवढंच. कारण दिलं की चर्चा सुरू होते. डायसल्फिरम (दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी) चालू असेल तर ‘एक घोट चालतो’ हे अजिबात खरं नाही. चेहरा लालबुंद होणं, धडधड, उलट्या, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. होल-इन-वन, म्हणजे पहिल्याच फटक्यात चेंडू होलमध्ये, मारणाऱ्याने सगळ्यांना पाजायची रीत आहे. नवख्याच्या नशिबी ते कुठलं, पण ठरवून ठेवायला काय जातं: मिसळ आणि चहा. पहिल्या फेरीआधी बॅग रिकामी करून घेतली तेव्हा चेंडूंच्या कप्प्यात जुनी क्वार्टर निघाली होती. आता तिथे एक चिठ्ठी असते, तिच्यावर एएमधल्या जोडीदाराचा नंबर आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन.

तुम्ही काय करायचं? घरी आल्यावर तोंडाचा वास घेऊ नका, स्कोअरकार्ड दाखवायला सांगा. वेळ, सोबती आणि परतायची वेळ आधी ठरलेली असू द्या. तास-दोन तास उशीर आणि फोन बंद, असं झालं तर भांडू नका; दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला कळवा.

संध्याकाळच्या पाचचं उत्तर घरातल्या सतरंजीवरच शोधावं लागलं. वीस मिनिटं पटिंग, सहा फुटांवरून. बहुतेक लोक आडवा पेला ठेवून सराव करतात. यानेही कपाटातून पेला काढला, तो नेमका पिण्याचा. तो परत ठेवून पाच रुपयांचं नाणं मांडलं. होल १०८ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यामुळे नाण्यावर नेम बसवल्यावर मैदानातलं होल मोठंच वाटतं. ही सवय उन्हाळ्यातच लावून घ्या. जूननंतर कोर्सवर पाणी साचलं की आठ-आठ दिवस खेळ बंद असतो.