टपावरच्या बॅगेत काय घालायचं, काय नाही

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो होतो की डिकी पुरत नसेल तर गाडीच्या टपावर टाकायची ती मऊ बॅग घ्यायला हरकत नाही, घडी करून कपाटात पण मावते. तर त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेला ढकलतोय. निवडक पत्रांना उत्तरं देतो, बाकीच्यांचं उत्तर यातच कुठंतरी सापडेल.

प्रश्न : दादा, मुलगी पुण्यात असते, आता नात पण झालीय. सुगी झाली की आम्ही दरवर्षी घरचा तांदूळ घेऊन जातो. गाडी लहान, माणसं पाच आणि यंदा बाळाचं सामान लै झालंय. टपावरची बॅग घेऊन त्यात तांदळाचं ५० किलोचं पोतं टाकलं तर चालेल का? आमचे मिस्टर म्हणतात गाडीचं टप लोखंडाचंच आहे की, काय होतंय. *(खानापूर तालुक्यातून एक ताई)*

उत्तर : ताई, मिस्टरांना सांगा टप लोखंडाचं आहे ते खरं पण प्रश्न टप दबायचा नाहीच. आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा, ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या कव्हरात तसंच पडलेलं असतंय, त्यात टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना तो आकडा ५० ते ७५ किलोच्या आसपास असतो, काहींना त्याहून कमी, आणि त्यात कॅरियरचं आणि बॅगेचं स्वतःचं वजन पण धरायचं असतं. म्हणजे तुमचं एक पोतं टाकलं की हिशोब तिथंच संपला.

आणि आकड्यात बसलं तरी मी टाकू नका म्हणेन. निपाणीच्या अलीकडं तवंदी घाट उतरताना पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला आणि तुम्ही पण मारला, तेव्हा ते पोतं तिथं शांत बसून राहत नाही, त्याला पुढं जायचं असतंय, आणि त्याला धरून काय आहे तर एक इंचाचे चार पट्टे. वळणावर पण तसंच, वजन जितकं उंचावर तितकी गाडी जास्त कलते. डोक्यावर घागर घेऊन पळालं तर जे होतं तेच.

तांदूळ दहा-दहा किलोच्या पिशव्यांत भरा आणि डिकीत अगदी खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. मग डिकीतलं जे हलकं पण फुगीर आहे ते वर जाऊ दे, वाकळा, उशा, स्वेटरं, बाळाच्या डायपरचे गठ्ठे, दुपटी. ही बॅग त्याच्यासाठीच आहे. १५ घनफुटाची बॅग म्हणजे साधारण ४२५ लिटर, लहान गाडीच्या डिकीपेक्षा मोठी, तेवढी जागा असल्या हलक्या सामानानं भरली तर वजन पोत्यासारखं एका जागी बसत नाही, तरी पुस्तकातला आकडा बघूनच भरा. फक्त अर्धवट भरून ठेवू नका, रिकामा भाग वाऱ्यानं फडफडतो आणि मग शिवण उसवायला लागते. कमी सामान असेल तर बॅगेचं तोंड गुंडाळून पट्ट्याखाली घट्ट दाबा. आणि निघायच्या आधी टायरमध्ये हवा फुल लोडची भरा, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, नसला तर त्याच पुस्तकात. पाच माणसं आणि अर्धा क्विंटल तांदूळ म्हणजे गाडी भरलेलीच की.

प्रश्न : श्रावणात चोर्ला घाटानं गोव्याला गेलो. बॅग घेताना वॉटरप्रूफ म्हणून लिहिलं होतं. कणकुंबी सोडल्यावर जो पाऊस लागला तो केरीपर्यंत. बॅगेत तर पाणी गेलंच पण मागच्या सीटवर पोरं बसलेली तिथं पण पाणी ठिबकत होतं, खिडक्या बंद असून! हे कसं काय? *(टिळकवाडी, बेळगाव)*

उत्तर : भावा, माझं पण असंच झालेलं, आणि तुझ्यापेक्षा वाईट. मे महिन्यात सावंतवाडीला आमच्या नात्यातलं लग्न होतं आणि मांडे न्यायची जबाबदारी माझ्यावर. बाहेरच्यांसाठी सांगतो, बेळगावकडं लग्नात मांडे लागतातच, कागदासारखे पातळ, आत पिठीसाखर, जोरात शिंकलं तरी मोडतील असे. डिकी भरलेली, मी म्हटलं हलकं आहे, फुगीर आहे, बुट्टी टपावरच्या बॅगेत ठेवू. मे महिना, पाऊस कुठला. आंबोलीत वळीव गाठला. वीस मिनिटं असेल फार तर. सावंतवाडीला मांडवात बुट्टी उघडली तर वरचे मांडे विरघळून खालच्यांना चिकटलेले आणि सगळ्याचा मिळून शिऱ्यासारखा एक गोळा. आमच्या काकी काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं. मनातले मांडे म्हणतात ते तरी कोरडे राहतात.

घरी आल्यावर बॅग उलटी करून बघितली तेव्हा कळलं. कापडाचा दोष नसतो, त्यावर पीव्हीसीचा थर असतो, त्यातनं पाणी जात नाही. पाणी जातं चेनमधून आणि शिवणीतून. सुईनं जिथं टाका घातला तिथं भोक पडलं, त्यातनं एक थेंब. आतली बाजू नीट बघा, नुसता दोरा दिसत असेल तर ती साधी शिवण, आणि चपटी चकचकीत पट्टी दिसत असेल तर ती गरम करून जोडलेली, ती बरी. चेनवर झाकण हवं आणि ते वेलक्रोनं पूर्ण बंद व्हायला हवं. बॅग टाकताना चेनचा शेवट गाडीच्या मागच्या बाजूला ठेवायचा. आपण साठनं चाललो की पाऊस वरून पडत नाही तर समोरून येऊन आदळतो, चेनचं तोंड पुढं असलं की तो सरळ आत घुसतो.

आता सीटवरचं पाणी. तू पट्टे दारातून आत घेऊन छताखालून बांधले असणार, बरोबर ना? पट्टा भिजला की पाणी त्याच्यावरनं वातीसारखं सरकत आत येतं, दाराचं रबर घट्ट बसलं तरी पट्ट्याच्या जागी फट राहतेच. यावर दोन उपाय. एक, दाराच्या रबर बीडिंगखाली जी पत्र्याची कड असते तिच्यात अडकवायचे हुक वेगळे मिळतात, ते घेतले की पट्टा आत येतच नाही. दोन, टपाला रेल, म्हणजे दोन्ही कडांना लांबट दांड्या असतील तर सगळं रेललाच बांधायचं, मग प्रश्नच मिटला.

आणि घेतलेली बॅग पहिल्यांदा चोर्ल्यात नेऊन तपासू नका रे, अंगणात तपासा. आत जुने पेपर पसरा, चेन लावा, टपावर बांधा आणि दहा मिनिटं पाइपनं पाणी मारा. पेपर जिथं ओला झाला ती जागा कळली. तरीसुद्धा पावसाळ्यात आतलं सामान वेगळ्या प्लास्टिकमध्येच घालायचं, साखरेच्या पोत्यात आत जी प्लास्टिकची पिशवी असते ती मिळाली तर धुऊन वाळवून वापरा, आपल्या भागात साखर कारखाने एवढे आहेत की तिला तोटा नाही. मी आता तेच करतो. मांडे मात्र मांडीवर.

प्रश्न : काका, माझ्या गाडीला रेल नाहीत, वर माशाच्या पंखासारखा अँटेना आहे आणि सनरूफ पण आहे. बॅग बसेल का? *(निपाणी)*

उत्तर : बसेल पण जागा बघून. अँटेना बॅगेखाली चेपायचा नाही, त्याच्या पुढं बॅग संपली पाहिजे. सनरूफ लहान असेल तर बॅग त्याच्या मागं, आणि टपभर काच असेल तर सरळ नाही म्हणतो, काचेवर वजन नको. रेल नसतील तर वर सांगितलेले दाराच्या कडेचे हुक घ्या, पट्टा दारातून आत घेऊन बांधू नका. पावसाचं कारण सांगितलंच, दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ज्या गाड्यांना बाजूच्या पडदा एअरबॅग, म्हणजे धडक बसली की खिडकीवर पडद्यासारख्या फुगणाऱ्या पिशव्या असतात, त्या दाराच्या वर छताच्या कडेतच दडवलेल्या असतात, आतून आवळलेला पट्टा बरोबर त्यांच्या वाटेत येतो. आणि बॅगेखाली जाळीची रबरी मॅट टाकायच्या आधी टप धुऊन पुसा. आपल्याकडची लाल धूळ मॅटखाली राहिली की २०० किलोमीटरात ती पॉलिश पेपरचं काम करते, मग रंगाचं नाव काढू नका.

प्रश्न : ८० च्या वर गेलं की टपावरनं भुंगा शिरल्यासारखा आवाज येतो, बायको म्हणते गाडी परत वळव. *(संकेश्वर)*

उत्तर : पट्टा सपाट ताणलेला आहे म्हणून तो वाऱ्यात थरथरतो. बांधताना पट्ट्याला एक-दोन पीळ द्या, आवाज बंद. पट्ट्यांची लोंबणारी टोकं पण गुंडाळून खोचा, ती पत्र्यावर ताशा वाजवतात. आणि ८० च्या वर जाताच कशाला? चार पदरी हायवेला गाडीला १०० ची परवानगी असली तरी टपावर बॅग असताना ८० बास. ८० चे १०० केले की वाऱ्याचा जोर सव्वापट होत नाही, दीडपटीच्या वर जातो, तो सगळा त्या पट्ट्यांवर आणि पेट्रोलवर. निघाल्यावर सामान बसतं आणि पट्टे सैल होतात, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात एकदा थांबून परत आवळायचे. बेळगावहून पुण्याकडं निघालात तर हत्तरगीच्या टोलच्या आसपास, गोव्याकडं निघालात तर जांबोटीला चहाला थांबताच की.

प्रश्न : बॅगेला एवढे पैसे कशाला, ताडपत्री आणि कासरा आहे की घरात. आमच्या वडिलांनी जन्मभर तसंच बांधलं. *(चंदगडच्या वेशीवरून)*

उत्तर : काका, वडिलांच्या जीपला लोखंडी कॅरियर होता, कठडा होता, आणि जीप चाळीसनं चालायची. तसा कॅरियर असेल तर खुशाल ताडपत्री बांधा, वरून जाळी टाका, मी स्वतः बांधलीय. नुसत्या टपावर मात्र नको, वारा ताडपत्रीच्या खाली शिरतो आणि तिचं शीड होतं. कासऱ्याची गाठ भिजली की सुटत नाही आणि वाळली की सैल होते, बैलाला चालतं, हायवेला नाही. सायकलच्या ट्यूबवर किंवा लवचीक रबरी दोरीवर तर अजिबात भरवसा ठेवू नका, ती ताणतेच.

प्रश्न : वाटेत कोणी अडवलं तर? आणि रात्री लॉजवर बॅग टपावरच ठेवली तर चोरी होते का? *(शहापूर, बेळगाव)*

उत्तर : बॅग गाडीच्या अंगाबाहेर आली नाही, मागचा नंबर आणि लाइट झाकले नाहीत, पुढच्या काचेवर लोंबली नाही, तर बोलायला जागा राहत नाही. सामान कुठल्याही बाजूला गाडीच्या बाहेर आलं तर मात्र महागात पडतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्याला २०,००० रुपये दंड आहे.

चोरीचं म्हणाल तर चेनला लहान कुलूप लावा, मनाला बरं वाटतं, बाकी कापडच ते, ब्लेडनं दोन मिनिटांचं काम. म्हणून लॅपटॉप, दागिने, औषधं, कागदपत्रं यातलं काही वर नको. रात्री बॅग उतरवून खोलीत घ्या, भरलेली बॅग दोघांनी उचलली की येते.

माणसापेक्षा मला घाटातल्या माकडांची जास्त भीती वाटते. आंबोलीत धबधब्यापाशी गाडी लावून पाच मिनिटं खाली उतरलात की ती टपावर हजर, आणि बॅगेत चिवड्याचा वास लागला तर चेन उघडायची कटकट ती करत नाहीत, सरळ फाडतात. खाण्याचं काही वर ठेवू नका, आपली बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, तर नाहीच नाही, उन्हात टप तापून तो आंबतो पण.

प्रश्न : बॅग एकदा वापरून माळ्यावर टाकली, सहा महिन्यांनी काढली तर काळे डाग आणि कुबट वास. *(वडगाव)*

उत्तर : बुरशी. ओली घडी घातली असणार. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून फडक्यानं पुसा, चेन पूर्ण उघडी ठेवून उलटी करून वाळवा, कडक उन्हात दिवसदिवस टाकू नका, पीव्हीसी ताठ होऊन चिरतं, व्हरांड्यातला वारा पुरतो. डाग राहतील, वास जाईल. घडी घालण्यापेक्षा सैल गुंडाळी करा, घडीच्या जागीच थर आधी फुटतो. आणि माळ्यावर उंदीर असतील तर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा. आमच्या पहिल्या बॅगेत उंदरीण व्याली होती, दिवाळीच्या आदल्या दिवशी कळलं.