मिश्रणातील द्रव एकामागून एक का उकळत नाहीत?

प्रश्न : मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत आम्ही इथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणाचे साधे ऊर्ध्वपातन केले. पारा ७८ अंशांवर स्थिर राहून आधी सगळे इथेनॉल येईल आणि मग १०० अंशांना पाणी येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पारा चढतच राहिला आणि जमलेल्या द्रवात पाणीही निघाले. असे का झाले?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमचा प्रयोग बरोबरच झाला आहे. मिश्रण एकच द्रव म्हणून उकळते आणि त्याच्या वाफेत दोन्ही घटक नेहमीच असतात. फक्त अधिक बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होणाऱ्या, घटकाचे प्रमाण वाफेत द्रवापेक्षा जास्त असते, आणि ऊर्ध्वपातनाची सारी भिस्त या फरकावर आहे. दर १०० रेणूंमागे इथेनॉलचे १० रेणू असलेले मिश्रण समुद्रसपाटीला सुमारे ८६ अंश सेल्सिअसला उकळू लागते आणि त्याच्या पहिल्या वाफेत इथेनॉलचे रेणू सुमारे ४४ असतात. इथेनॉल असे भराभर निघून गेल्याने चंबूत पाण्याचे प्रमाण वाढते, उत्कलनबिंदू वर सरकतो आणि त्याबरोबर पाराही चढतो.

ती वाफ थंड करून पुन्हा उकळली, तर नव्या वाफेत इथेनॉलचे रेणू सुमारे ६३ होतात आणि तिसऱ्या वेळी ७१च्या आसपास. भागशः ऊर्ध्वपातनाचा स्तंभ हेच काम अखंडपणे करतो. त्यातील काचेच्या मण्यांवर वाफेचा काही भाग द्रवरूप होतो, खालून येणाऱ्या गरम वाफेमुळे त्यातले इथेनॉल पुन्हा वर निघते आणि पाण्याचे प्रमाण वाढलेला द्रव खाली ओघळतो. हा ओघळ फार मोलाचा आहे. आच घाईने वाढवली, तर वाफ सरळ वर निसटते आणि स्तंभ असून नसल्यासारखा होतो. म्हणून स्तंभाला बाहेरून कापसाचे वेष्टण द्यावे, आच मंद ठेवावी आणि थेंब मोजता येतील इतक्या संथपणे पडू द्यावेत. इथेनॉलजवळ उघडी ज्योत कधीही नेऊ नये. हीटिंग मँटल, म्हणजे चंबूभोवती बसणारे विजेचे तापक, वापरावे.

उत्कलनबिंदूंमध्ये २५ अंशांहून बरेच अधिक अंतर असेल, किंवा मिठासारखा न उडणारा पदार्थ पाण्यात विरघळलेला असेल, तर साधे ऊर्ध्वपातन पुरते. नोंदी ताडून पाहताना हेही ध्यानात घ्यावे, की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी आणि इथेनॉल दोन्ही पुस्तकातील आकड्यांपेक्षा दीड-दोन अंश आधीच उकळतात.

स्तंभ कितीही उंच केला, तरी नेहमीच्या दाबाला इथेनॉल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणाला द्रव आणि वाफ यांतील घटकांचे प्रमाण सारखेच होते. त्यामुळे मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांना पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे निर्जल इथेनॉल हवे असते, तेव्हा ही वाफ सुमारे ३ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) छिद्रांच्या झिओलाइट या सच्छिद्र पदार्थातून नेतात. पाण्याचे रेणू त्या छिद्रांत शिरून अडकतात आणि आकाराने मोठे असलेले इथेनॉलचे रेणू बाहेरून पुढे निघून जातात.